सपाट उताराची सुरी की फुगीर उताराची?
दोन्ही सुऱ्या एकाच कारागिराने हाताने घडवलेल्या, कार्बन पोलादाच्या आणि 4 मिलिमीटर जाड पाठीच्या आहेत. फरक आहे तो धारेकडच्या उताराचा, म्हणजे पाते जिथे धारेपर्यंत निमुळते होत जाते त्या भागाचा: एकीचा तो सपाट, दुसरीचा बाहेर फुगलेला. वाळलेल्या फांदीवर सपाट उताराची सुरी चालवली, की तो उतार लाकडावर रंध्यासारखा टेकतो आणि कागदासारख्या पातळ, वेटोळ्या ढलप्या बुडाशी न तुटता साठत जातात. खाचही ती आखल्या रेषेतच पाडते. फुगीर उताराची सुरी इथे किंचित घसरते आणि तिचा कोन मनगटानेच सांभाळावा लागतो. मात्र पाठीवर सोट्याचे घाव घालून ओंडका फोडताना गाठ लागली, तरी तिची धार शाबूत राहिली. सपाट सुरीची धार तिथेच दुमडली. (गाठीवर सुरी चालवणे हा अर्थात माझाच हट्ट.) ती दुरुस्त करणे मात्र सोपे गेले, कारण उतार दगडावर पूर्ण टेकवला की कोन आपोआप साधतो. कोरीवकामासाठी मी तीच उचलेन.