टोपणभर औषध आणि बरणीतले जंत

गेल्या पावसाळ्यात मी सातशे रुपये आणि तीन कोंबड्या घालवल्या. पैशाचं एक वेळ सोडा, पण माझी अंडी शेजारच्या तीन घरांत जात होती, ते अजून मनातून जात नाही. म्हणून हे लिहितेय.

कळंब्याच्या बाजूला आमचं घर, परसात चौदा गावरान कोंबड्या. श्रावणात त्या उतरायला लागल्या. दाणे भरपूर खायच्या, पण हातात घेतलं की छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. तुरे फिके पडलेले. शिटेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे, आणि शिट ताजी असली तर ते हळूहळू वळवळायचेसुद्धा. जंत झालेत एवढं कळलं. कुठल्या जातीचे, हे विचारायचं असतं हे मात्र माहीत नव्हतं.

आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून एक जण बसला होता. पुढ्यात काचेची बरणी, तिच्यात शेवयांसारखे बोटबोट लांब पांढरे जंत, आणि शेजारी डालग्याखाली एक टुणटुणीत कोंबडी.

"वैनी, काल औषध दिलं हिला. आज हे सगळं पडलं बघा."

मी शिटेतल्या कणांचं सांगितलं.

"ती ह्यांचीच पिल्ली की ओ! मोठी व्हायच्या आत मारायची."

एका बाटलीचे साडेतीनशे. एक टोपण पिण्याच्या पाण्यात, दर रविवारी. अंडी? "खुशाल खावा, झाडपाल्याचं हाय." बाटलीवर कोंबड्याचं चित्र, हिरवी पानं आणि 'सर्व जंतांवर एकच उपाय'. औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. मी स्टिकर नीट वाचला होता, तरी त्यातलं काहीही मला खटकलं नाही. बरणीच एवढी पटली होती. दोन बाटल्या घेतल्या. बिल मागायला लाज वाटली. बाजारात कोथिंबिरीचं बिल कोण मागतं?

खरी मेख पुढे आहे. पहिल्या रविवारनंतर खुराड्यात खरोखरच दोन लांब जंत पडलेले दिसले. मी ते सासूबाईंना बोलावून दाखवले. त्यामुळे पुढचे तीन रविवार मी डोळे झाकून टोपण ओतत राहिले. तुकडे काही थांबले नाहीत. एक कोंबडी गेली, मग दुसरी. बाजारातला माणूस फोनवर म्हणाला, "डोस वाढवा." मी दोन टोपणं केली.

तिसरी मेली त्या सकाळी ती पिशवीत घालून आणि बाटली बरोबर घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आतडं चिरून दाखवलं. आतल्या बाजूला डोकी रुतवून बसलेल्या चपट्या पांढऱ्या फिती. हे पट्टकृमी. शिटेतले ते तांदूळ म्हणजे यांच्याच अंगाचे सुटलेले तुकडे, अंड्यांनी भरलेले. बरणीतले ते गोल जंत. दोन्ही वेगळे जीव, पिल्लांचा काही संबंधच नाही.

मग त्यांनी बाटलीचा स्टिकर नखानं उचकटला. खाली दुसरं लेबल निघालं: पायपराझिन, आणि मुदत केव्हाच संपलेली. म्हणजे झाडपालाही नव्हता. पायपराझिननं मोठा गोल जंत लुळा पडतो आणि शिटेबरोबर बाहेर येतो. ते दोन जंत पडले ते तसे. पट्टकृमीवर त्याचा काही परिणाम होत नाही. मी चार आठवडे ज्या रोगावर उपाय करत होते, तो माझ्या कोंबड्यांना जेमतेम होता.

पाण्यातून औषध देण्याबद्दलही डॉक्टरांनी कान उपटले. भर पावसात परसभर डबकी असताना कोंबडी भांड्यातलं पाणी पिते कशाला? आणि जी जास्त आजारी ती सगळ्यात कमी पिते. त्यांनी प्रत्येक कोंबडीचं वजन करायला लावलं (आम्ही पिशवीत घालून काट्याला लटकावली, भयंकर आरडाओरडा), आणि पट्टकृमीवरचं प्राझिक्वांटेल वजनाप्रमाणे, बिनसुईच्या सिरिंजनं चोचीच्या कडेनं, थोडं थोडं पाजायला सांगितलं.

टोपणाचा हिशोब मला तेव्हा पहिल्यांदा कळला. अल्बेन्डाझोल हे आणखी एक जंतनाशक; ते २.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध, १० टक्के म्हणजे १००. टोपण तेच, औषध चौपट. शेळ्यांची उरलेली बाटली कोंबड्यांना ओतणारे आमच्या गल्लीतच दोघं आहेत. एकाच्या घरी तर वर कबुतरंही आहेत. त्याला मी सांगून आले की फेनबेन्डाझोल नावाचं जंतनाशक कोंबडीला चालतं म्हणून कबुतराला देऊ नको, त्यानं कबुतरं दगावतात. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे.

अंड्यांचं विचारलं तेव्हा डॉक्टर क्षणभर गप्प बसले. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून कुठलंही जंतनाशक दिलं की किती दिवस अंडी खायची नाहीत ते लेबलवर बघायचं किंवा विचारायचं. मी तर दर आठवड्याला, मुदत संपलेलं, तेही दुप्पट देत होते. त्या संध्याकाळी तिन्ही घरी जाऊन सांगितलं आणि पैसे परत केले. दोघींनी समजून घेतलं. तिसरीच्या घरी वर्षाचं पोर आहे. ती आता माझ्याकडून अंडी घेत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

पुढच्या बाजारात त्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या विकायला होत्या. फोन बंद. औषधांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बिल नसलं तरी बाटली, दोन्ही लेबलं आणि फोन नंबर लिहून मी अर्ज दिला आहे.

पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे आणि माश्यांच्या पोटातून येतात, म्हणून खुराड्याखालचा ओला भुसा काढून कोरडा घातला, शेणाचा ढीग लांब हलवला. अकरा कोंबड्या उरल्यात. डॉक्टरांनी ताजी शिट परत तपासायला मागितली आहे, पण दवाखाना उद्या उघडणार. डबी फ्रीजमध्ये ठेवली आहे, वर मोठ्या अक्षरात नाव घालून. सासूबाई सकाळपासून फ्रीजला हात लावायला तयार नाहीत.