बाटली खरी, आतलं पाणी खोटं

फेसवॉश लावला की माझे गाल तांबडे होतात, चुरचुरतात. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी मायसेलर वॉटर सांगितलं. दिसायला साधं पाणीच, पण त्यात अगदी सौम्य साबणी द्रव्याचे बारीक पुंजके असतात. तेल, धूळ, काजळ ते आपल्याकडे ओढून घेतात, त्यामुळे कापसाच्या बोळ्याने नुसतं टिपलं तरी चेहरा स्वच्छ निघतो, घासावा लागत नाही. नाजूक कातडीसाठीचं असेल तर त्यात सहसा वासही घालत नाहीत. ही वासाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेडिकलमध्ये मोठी बाटली महाग पडते. बेळगावच्या बाजारात एका दुकानात तीच बाटली, तेच नाव, तेच गुलाबी टोपण, आणि किंमत निम्मी! मी पाठीमागचं लेबल बघायला लागले तर दुकानदार म्हणाला, "ताई, गोव्याहून आलाय माल, फॉरेनचा. त्याला स्टिकर नसतोय की." बिल मागितलं तर, "बिल कशाला? आमी काय पळून चाललोय काय? काय झालं तर घेऊन यावा." आपल्याकडे गोव्याचा माल म्हटलं की स्वस्त असणारच, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. असली दुकानं त्याच्यावरच चालतात.

पहिल्या रात्री चुरचुरलं. दुसऱ्या वेळी डोळ्यांच्या कडा सुजल्या आणि गालांवर पुरळ उठलं. बहिणीकडे मेडिकलमधून आणलेली तीच बाटली होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर सगळं उघडं पडलं. तिच्या बाटलीला वास नाही. माझ्या बाटलीला गुलाबपाण्यासारखा. हलवल्यावर तिचा फेस लगेच बसला, माझा भांडी घासायच्या लिक्विडसारखा तसाच राहिला. माझ्या बाटलीवरची मुदतीची तारीख बोटाने घासली तर शाई निघाली. म्हणजे बाटली बहुधा खरीच, रिकामी गोळा केलेली, आणि आत कुणी काय भरलं देव जाणे. तुमची बाटली संपली की लेबल फाडून, टोपण वेगळं करून टाका, ते याचसाठी.

आणि स्टिकर नसतो, ही शुद्ध थाप. परदेशी सौंदर्यप्रसाधनावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक असावाच लागतो. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये ते आहे. इथल्या मालावर उत्पादन परवान्याचा नंबर असतो. दुसऱ्याच्या नावाने बनावट माल विकणं हा 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली गुन्हा आहे.

बाटली परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, "ही आमची कशावरून?" बिल नव्हतंच. पण पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद दाखवल्यावर आवाज खाली आला. पैसे परत देतो म्हणाला, पण बाटली इथंच ठेवून जावा. मी दिली नाही. उरलेल्या पाण्यासकट ती जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे तक्रारीबरोबर दिली. चेहऱ्याचे आणि बाटलीचे फोटो आधीच काढून ठेवले होते.

चंदगड-गडहिंग्लजकडून इथं बाजाराला येणाऱ्यांना वाटतं, दुकान कर्नाटकात, आता कुठं तक्रार करायची? दुकानावर कारवाई इथलंच खातं करणार हे खरं, पण भरपाईसाठी 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणजे तुम्हाला कोल्हापूर चालेल. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं.

तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. दुकान चालूच आहे. गुलाबी टोपणाच्या बाटल्या तेवढ्या काचेच्या कपाटातून गल्ल्याखाली गेल्यात. गोव्याचा माल आहे का विचारलं की काढून देतात.