मोठीच्या क्लासला धाकट्यालाही घालावं का? सांगलीतल्या पालकांसाठी वयानुसार तुलना

वार्षिक परीक्षा संपत आली की सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत सुट्टीतल्या शिबिरांचे फलक लागतात. दोन मुलं असलेल्या घरात मग हमखास विषय निघतो: दोघांना एकाच ठिकाणी घालूया का? नेण्याआणण्याची एकच फेरी, शिवाय ताई सोबत आहे म्हणून धाकट्याची काळजी नाही. सोय मोठी आहे, हे मान्य. तरी माझं मत आधीच सांगते. दोघांत तीन वर्षांहून जास्त अंतर असेल तर क्लास वेगळे ठेवा आणि धाकटं सहाच्या आतलं असेल तर त्याला क्लासच नको.

सहाच्या आतल्या मुलाला हालचाल कमी लागते असं नाही, उलट जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि त्यातली ६० मिनिटं तरी चांगली धावपळीची हवीत. पडद्यासमोरचा वेळ तासाच्या आत. पाच ते सतरा वयासाठी मात्र रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीची ही गरज तासाभराच्या क्लासमध्ये भागू शकते, चार वर्षांच्या मुलाची नाही. त्याचे तीन तास दिवसभर थोडे थोडे व्हायचे असतात: जिना चढणं-उतरणं, आमराईत पळणं, वाळूत खेळणं, भातुकलीसाठी पाणी आणायला दहा वेळा आत-बाहेर करणं. रांगेत उभं राहून शिट्टीची वाट पाहणं ही त्याच्या वयाला शिक्षाच वाटते.

मूल नियमाच्या खेळाला तयार झालं की नाही हे ओळखायला जन्मतारखेपेक्षा डबा ऐसपैस जास्त उपयोगी पडतो. आमच्या गल्लीत सुट्टीत रोज संध्याकाळी हा खेळ रंगतो. चार-पाच वर्षांची मुलं त्यात कच्चं लिंबू म्हणून असतात. ती लपतात, पण राज्य घेणारा जवळ आला की आनंदाने स्वतःच बाहेर येऊन ओरडतात, "मी इथे आहे!" मोठ्या मुलांना त्याचा रागही येत नाही, कारण कच्च्या लिंबावर राज्य येतच नाही. दोन-तीन सुट्ट्या अशाच जातात. मग एके दिवशी तेच मूल हटून बसतं, "मी कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य आलं पाहिजे." नियम आपल्यालाही लागू व्हावा असं त्याला स्वतःला वाटू लागलं, की क्लासचा विचार करायला हरकत नाही. साधारण सहा-सातला ही वेळ येते, कुणाची थोडी पुढेमागे.

आता एकच छंद दोन वयांत कसा दिसतो ते पाहा. सांगलीत बुद्धिबळ हा घराघरातला विषय आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तो इथे रुजवला आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू याच वातावरणातून पुढे आल्या. म्हणून लवकर सुरुवात करण्याची घाई इथे जरा जास्तच होते. पाच वर्षांच्या मुलाला पट जरूर द्या, पण त्याचा घोडा पाणी प्यायला जाणार आणि प्यादी रांगेने शाळेत जाणार. तेही खेळणंच आहे, त्याला अडवू नका. सात-आठच्या मुलाला चाली कळतात, पण हार पचत नाही. डाव संपल्यावर डोळे भरून येतात. त्याला स्पर्धेपेक्षा बरोबरीचा मित्र हवा. अकरा-बाराचं मूल हरलेला डाव पुन्हा मांडून "इथे चुकलं" म्हणतं. घड्याळ, चाली लिहिणं, बाहेरगावच्या स्पर्धा हे सगळं तेव्हा.

क्रिकेटच्या बाबतीत स्मृती मानधनाचं नाव निघतंच. माधवनगरला वाढलेली ही मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली. पण तिला गोडी लागली ती भावाला खेळताना बघून, हे विसरू नये. भावंडाचा खेळ बाजूला बसून बघायला, चेंडू आणून द्यायला धाकट्याला जरूर पाठवा. त्याची फी भरून त्याच्याकडून त्याच वेगाने शिकण्याची अपेक्षा करणं वेगळं.

नाटकाच्या शिबिराला माझी पसंती नऊ ते बारा वयाला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावात बालनाट्याची हौस असणारच. या वयाची मुलं गटात रमतात, दुसऱ्याचं वाक्यही पाठ करतात आणि ऐन वेळी अडलेल्याला सांभाळून घेतात. लहानांना तिथे झाड नाहीतर ससा करून तासभर उभं करतात. पालकांना फोटो मिळतो, मुलाला काही नाही.

पोहणं मात्र दोघांना एकाच तलावावर जमतं, तुकड्या वेगळ्या असतील तर. धाकट्यासोबत पालकाने पाण्यात उतरायला हवं. आजोबा पाठीला डबा बांधून कृष्णेच्या घाटावर शिकले असतील, पण आता नदीत मगरींचा वावर आहे. त्या हौसेपायी मुलांना नदीत उतरवू नका.

तेराच्या पुढचा प्रश्न अगदी वेगळा. तिथे आईवडिलांनी निवडलेला क्लास महिनाभरही टिकत नाही. तालीम, ढोल, चित्रकला, मैत्रिणींबरोबर सायकलवर हरिपूरला जाणं, निवड त्यांचीच. आपण फक्त वेळेची आणि सुरक्षिततेची अट घालावी. हरिपूरला जा, संगमाच्या पाण्यात पाय घालायचा नाही, सातच्या आत घरी. आणि एखादी दुपार काहीच न करता लोळण्यात गेली तर जाऊ द्या. आठवीच्या मुलीला वर्षभर ती मिळालेली नसते.

फी भरण्याआधी एक संध्याकाळ क्लासच्या दाराशी उभं राहून बघा. तुमच्या मुलाच्या वयाची किती मुलं आत आहेत? शिकवणारे लहानांशी बोलायला खाली वाकतात का? धाकट्याच्या वयाचं एकही मूल दिसत नसेल तर फक्त मोठीचं नाव घाला. धाकट्याला घेऊन तेवढा तास बाहेर खेळवा, नाहीतर आजीकडे सोडा.