मालेगावचे दोन सिनेमे: आधी कोणता बघावा?

माझा भाचा अमळनेरला असतो. तीन मित्र, एक मोबाइल आणि उसना आणलेला माईक, एवढ्यावर तो अहिराणीत छोटे विनोदी व्हिडिओ करतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, ''मामा, दोन्हीस्माईन कोन्ता देखू?'' दोन्ही म्हणजे 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आणि 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट. दोन्हींत गोष्ट एकच, मालेगावात हाताशी असेल त्या सामानावर गाजलेल्या सिनेमांच्या गावठी आवृत्त्या काढणाऱ्या नासिर शेख आणि त्याच्या मित्रांची. पोरांना एकच रात्र मोकळी होती, दुसऱ्या दिवशी मळ्यात शूटिंग होतं. फोनवर मी तुकड्या-तुकड्याने जे सांगितलं, ते इथे जरा नीट लिहितो. हाच प्रश्न वर्षभरात मला आणखी तीन-चार जणांनी विचारला आहे.

मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं, ते मान्य. पण धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की पन्नासेक किलोमीटरवर मोसम नदी लागते, आणि तिथले विनोदी व्हिडिओ तर खान्देशचं नाव लावूनच निघतात. मालेगावच्याच विनोदी व्हिडिओंतल्या छोटू दादाला कोट्यवधी लोक बघतात, तेही खान्देशचा म्हणून. त्यामुळे हे दोन्ही सिनेमे आमच्याकडे घरचे समजूनच पाहिले गेले. घरच्या लग्नात माणूस जेवणातलं मीठही जरा बारकाईने तपासतो, तसं माझं या दोघांबाबत झालं आहे.

माझं मत कुठून येतं तेही सांगितलं पाहिजे. नव्वदच्या दशकात मी पारोळ्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचो. खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा, हळदीच्या रात्री डोळे दिपवणारा सनगन दिवा, आणि मागे वायर सांभाळत पळणारा एक पोऱ्या. मिक्सिंग घरीच, दोन व्हीसीआर जोडून. नासिर शेख मालेगावात हेच करत होता. लग्नं शूट करायची आणि त्याच सामानावर सिनेमा काढायचा. त्याने मालेगावात काढलेला 'शोले' मी चौथ्या-पाचव्या हाताच्या कॅसेटवर पाहिला होता. चित्र इतकं विरलेलं की माणसांचे चेहरे अंदाजानेच ओळखायचे, तरी खोलीतली सगळी माणसं शेवटपर्यंत बसून होती. या दोन सिनेमांकडे मी त्या खोलीतूनच बघतो. दुसऱ्या कुणाला ते वेगळे दिसतील, आणि त्यात त्याची चूक नाही.

चित्रपटापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांनी तोच पाहिला आहे. रीमा कागतींनी दिग्दर्शित केलेला, वरुण ग्रोव्हरने लिहिलेला. २०२४ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरात आला. मी तो नाशिकला पाहिला आणि नंतर प्राइमवर घरच्यांना घेऊन पुन्हा. दोन्ही वेळा डोळे भरून आले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्याबद्दल तक्रार करणार आहे आणि मला तो आवडला नाही असा कुणाचा समज व्हायला नको.

त्यातलं सगळ्यात मोलाचं काय, तर फरोग. विनीत कुमार सिंगने ही भूमिका केली आहे. गावातला लिहिणारा माणूस. त्याच्या ओळींवर लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि नाव मात्र दुसऱ्याचं होतं. आपल्याकडे प्रत्येक गावात असा एक जण असतो. गणपतीत नाटक लिहून देतो, लग्नात मंगलाष्टकं रचून देतो, पत्रिकेचा मजकूर त्याचाच असतो, पण पत्रिकेवर त्याचं नाव नसतं. विनीत कुमारने त्या माणसाचा ताठ मानेचा राग असा उभा केला आहे की नासिरशी त्याचा खटका उडतो तेव्हा थिएटरात मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. माहितीपटात खरे फरोग जाफरी आहेत. मुंबईबद्दल बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते खरं आहे, पण तासाभराच्या चित्रणात त्यांच्या वाट्याला थोडीच मिनिटं आली. फरोग पूर्ण भेटायचा असेल तर चित्रपटाला पर्याय नाही.

आणि मैत्री. १९९७ पासून पुढे कित्येक वर्षं पोरं एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. आदर्श गौरवचा नासिर काही वेळा स्वार्थी वाटतो. तसा तो दाखवला हे मला पटलं. गावात काही उभं करणारा माणूस बरोबरच्यांना गृहीत धरतो. मीही माझ्या वायरवाल्या पोऱ्याला गृहीत धरत होतो, आणि त्याचं नाव मी एकाही कॅसेटवर घातलं नाही. ते मला हा चित्रपट बघताना आठवलं.

माहितीपट फैझा अहमद खान यांचा. २००८ चा, आपल्याकडे थिएटरात आला तो २०१२ साली. नासिरचा 'मालेगाव का सुपरमॅन' बनत होता तेव्हा त्या कॅमेरा घेऊन तिथेच होत्या. मी जी प्रत पाहिली ती फारशी स्वच्छ नव्हती, आवाजही कुठे वर कुठे खाली. पण त्यात सुपरमॅन झालेला शफीक आहे. खराखुरा शफीक, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. निळ्या कपड्यांवर लाल चड्डी, आणि चड्डीची नाडी पुढे लोंबते आहे. हसू येतं. पण तो स्वतः ज्या गंभीरपणे छाती काढून उभा राहतो, ते पाहून हसण्याचा सूर बदलतो. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस पहिल्यांदाच कुणासमोर तरी असा उभा राहिलेला असतो. पुढे तो तोंडाच्या कर्करोगाने गेला. हे माहीत असताना ती लोंबणारी नाडी पुन्हा पाहणं मला फार जड गेलं.

आता तक्रार.

चित्रपटात पोरं शूटिंगला लागली की मी सरसावून बसायचो. आता काम दिसेल, आता कळेल की यांनी हे जमवलं कसं. आणि नेमकं तेव्हाच संगीत चढायचं, दृश्यं भराभर पुढे सरकायची, आणि आठवड्यांची यातायात दोन-तीन मिनिटांत हसत-खेळत पार पडायची. एकदा झालं तर समजू शकतो. पण माझ्या मनात ते इतकं साचत गेलं की दुसऱ्यांदा पाहताना संगीत सुरू होण्याची चाहूल लागली तरी मी अस्वस्थ व्हायचो. ज्या कामासाठी या माणसांनी रात्री जाळल्या, ते काम तेवढं गाण्यात उरकलं, आणि त्यांच्या भांडणांना, अश्रूंना मात्र सवड मिळाली.

मला हे इतकं का लागतं, ते दोन व्हीसीआरवर कॅसेट जोडलेल्यालाच कळेल. एका यंत्रावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर रेकॉर्ड आणि पॉज दाबून थांबायचं. हवं ते दृश्य आलं की पॉज सोडायचा. पण पॉज सोडल्याबरोबर यंत्र लगेच पकडत नाही, टेप किंचित मागे जाते आणि मग धरते. म्हणून दृश्य येण्याआधी मनात आकडे मोजून सोडावं लागतं. मोजणी चुकली की अंतरपाट धरलेला असतानाच गळ्यात हार दिसतो. पॉज फार वेळ धरला तर टेप झिजू नये म्हणून यंत्र आपोआप बंद होतं, की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक प्रतीला रंग उतरतो. लाल रंग तर सगळ्यात आधी फुटतो. तिसऱ्या प्रतीत नवरीचा शालू तिच्या खांद्याबाहेर पसरायला लागतो. कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून टेप वाचणारं यंत्राचं हेड पुसायचं, पुन्हा लावायचं. आणि हे सगळं जुळून आलं की वीज जायची. एका लग्नाच्या तीन तासांसाठी मी सात-सात रात्री बसलो आहे. अख्खा सिनेमा असा जोडणाऱ्याने काय केलं असेल, याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. ते मला बघायचं होतं.

माहितीपट ते दाखवतो. तिथे सायकलवर कॅमेरावाल्याला बसवून ट्रॉली होते, बैलगाडीचा दांडा वर-खाली करून क्रेन होते, आणि फैझा खान घाई करत नाहीत. शफीकला उडवायचं असतं. मागे हिरवं कापड, आणि पुढे आडव्या दांड्यावर पोट टेकून शफीक दोन्ही हात पसरून तरंगतो. दांडा पोटात रुततो आहे हे त्याच्या मानेवरून कळतं. तोंडाने मात्र तो उडतोच आहे. कुणीतरी सांगतं हात सरळ, कुणी सांगतं पाय वर, आणि तो सगळ्यांचं ऐकतो. कितीदा तरी. तिथे मला संगीताची गरज वाटली नाही.

आणि कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंग. एकच कॅमेरा. ज्याच्यावर घर चालतं आणि ज्याच्यावर सिनेमाही चालू आहे, तो पाण्यात. माझ्या कॅमेऱ्यावर एकदा एरंडोलच्या लग्नात अक्षतांबरोबर सरबताचा ग्लास सांडला होता. ती रात्र मी कॅमेरा फॅनखाली धरून काढली. म्हणून नासिर शेख त्या ओल्या कॅमेऱ्याकडे बघतो ती नजर माझ्या ओळखीची निघाली. कितीही चांगला नट असला तरी ती नजर त्याच्याकडून आली असती का, मला शंका आहे. कदाचित हा माझा धंदेवाईक पूर्वग्रह असेल.

दुसरा एक फरक सूक्ष्म आहे, पण ठरवताना कामाचा आहे. चित्रपटात सुपरमॅन बनतो तो आजारी मित्रासाठी, त्याला एकदा पडद्यावर हिरो करण्यासाठी. भावनेच्या हिशोबाने ते चोख बसतं आणि शशांक अरोराचा शफीक मनातून जात नाही. माहितीपटात सुपरमॅन बनतो कारण नासिरच्या डोक्यात क्रोमा, म्हणजे हिरव्या कापडापुढे शूट करून मागचं दृश्य बदलायची युक्ती, शिरलेला असतो. माणूस उडवायचा, आणि मालेगावात राहून उडवायचा. कारण तेवढंच. मला हे कारण अधिक मोठं वाटतं. कुणी मरणार आहे म्हणून केलेली गोष्ट सगळ्यांना समजते. नुसतं करून बघायचं आहे म्हणून कर्ज-उसनवारी करणाऱ्या माणसाला गावात वेडा म्हणतात, आणि त्या वेडाला इतक्या मानाने दाखवलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र चित्रपट पुढे आहे. मालेगावच्या बायका कॅमेऱ्यासमोर येणार नाहीत, म्हणून नायिका बाहेरून आणावी लागायची, हे दोन्हीकडे कळतं. पण बाहेरून आलेल्या त्या बाईचंही काही जगणं आहे, हे चित्रपटात मंजिरी पुपालाने दाखवलं. माझ्या बायकोला सगळ्यात जास्त तीच आठवते. माहितीपट पुरुषांच्याच घोळक्यात राहतो.

तेव्हा घरी सगळ्यांनी मिळून बसायचं असेल, आई-वडील, पोरंसोरं, तर 'सुपरबॉइज' लावा. दोन तासांहून थोडा जास्त आहे, पण कुणी मध्ये उठणार नाही. लिहिणाऱ्यांनीही तोच आधी बघावा. आणि ज्याला माहितीपट म्हटलं की झोप येते, त्याच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही.

पण हातात मोबाइल घेऊन काहीतरी बनवायला निघालेल्या पोराला मी चित्रपट आधी दाखवणार नाही. त्याला वाटेल की मित्र जमले, मन मोठं असलं, की बाकीचं आपोआप होतं. त्याने आधी दांड्यावरचा शफीक बघावा. दुसरंही एक कारण आहे. चित्रपट आधी पाहिला की माहितीपटातली माणसं नटांसारखी दिसतात का, हेच आपण शोधत बसतो. माझ्या एका मित्राचं तसंच झालं. खरा नासिर त्याला नकली वाटत राहिला.

भाच्याला मी हेच सांगितलं, थोडं आढेवेढे घेत, कारण तरुण पोरांना मामाने तासभराचा मळकट माहितीपट बघायला लावणं बरं दिसत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि बघतो म्हणाला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. पिक्चर कसा वाटला वगैरे काही बोलला नाही. मळ्यातल्या बैलगाडीचा दांडा वर करताना मोबाइल थरथरतो, मागच्या बाजूला वजन किती ठेवायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, थांब, मी रविवारी येतो.