नाशिकची मायक्रोब्रुअरी, सहा महिन्यांनंतर: बियर चांगली, पण नळीनं घात केला

डिसेंबरात लिहिलं असतं तर जागेवरच बियर बनवून विकणाऱ्या या मायक्रोब्रुअरीला पाचपैकी साडेचार दिले असते. आता जून लागलाय आणि आकडा तीनवर आलाय. टाक्या त्याच, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तोच, बियर बनवणारा ब्रुअरही तोच. बदललं ते फक्त हवामान, आणि त्यानं टाकीपासून बारपर्यंतच्या नळ्यांचं दुखणं उघडं पाडलं. जागेचं नाव देत नाही, कारण खालची तपासणी कुठल्याही मायक्रोब्रुअरीत करता येते.

आधी बियरबद्दल, कारण तिथं खरंच मेहनत दिसते. गव्हाची बियर, म्हणजे हेफेवायझन, सगळ्यात जमलेली आहे. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, वरून काही घातलेलं नसतं. आंबवण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की केळं पुढे येतं. मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवला की लवंग. इथं लवंग पुढे आहे आणि तेच बरोबर वाटतं. विटबियरमध्ये, म्हणजे धने आणि संत्र्याची साल घातलेल्या बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बियरमध्ये, धने जरा जास्त झालेत, संत्र्याची साल त्यात हरवते. आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांचा भरपूर वापर केलेली कडवट बियर, मागवण्याआधी ‘टाकी कधी लावली’ हे विचाराच. जुनी झाली की हॉप्सचा वास उडतो आणि नुसता कडूपणा मागे राहतो. स्टाउट ही काळसर बियर नायट्रोजन वायूच्या मिश्रणावर आहे, फेस सायीसारखा बसतो. मे महिन्यातली आंब्याची बियर गोड नव्हती म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण गरातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे ती कोरडीच लागायला हवी. आंब्याची बियर सरबतासारखी गोड लागली तरच शंका घ्या.

आता मूळ तक्रार. मार्चपासून संध्याकाळच्या पहिल्या ग्लासाला लोण्याचा वास यायला लागला, थिएटरमधल्या पॉपकॉर्नला येतो तसा. जिभेवर किंचित तेलकट थर, मागाहून आंबूसपणा. हा वास डायअसिटाइल नावाच्या रसायनाचा. तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो. आंबवणं पूर्ण व्हायच्या आत बियर थंड केली तर यीस्टला तो परत शोषून घ्यायला वेळ मिळत नाही. हा टाकीतला दोष. किंवा नळीत लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस हे जिवाणू घर करतात आणि तेच तो तयार करतात. माझा आधी टाकीवरच संशय होता. तो चुकीचा निघाला.

ओळखायची पद्धत सोपी आहे. दुकान उघडल्यावर लगेच एका नळाचा १०० मिलीचा सॅम्पल घ्या. त्याच नळावरून तीन-चार ग्लास गेले की पुन्हा तोच सॅम्पल घ्या. दोन्हींत लोणी असेल तर दोष टाकीत. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दोष नळीत. इथं एप्रिलभर दुसरा सॅम्पल स्वच्छ निघत होता.

हिशेब बघा. साडेनऊ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे साधारण ७० मिली बियर मावते. कोल्ड रूमपासून नळापर्यंत सहा मीटर धरले तर सव्वाचारशे मिली झाली. म्हणजे ३३० मिलीचा पहिला अख्खा ग्लास रात्रभर नळीत पडून राहिलेल्या बियरचा. पूर्ण पैसे देऊन तो आपण प्यायचा! डिसेंबरात नाशिकचा पारा रात्री १० अंशांखाली जातो, तेव्हा हे खपून जातं. एप्रिलमध्ये चाळिशीजवळ पोचल्यावर नळीचा इन्सुलेशन नसलेला तुकडा तापतो आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. शिवाय गॅस सुटून निम्मा ग्लास फेस. ४ अंशांना १२ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे गॅसचा दाब मोजायचं एकक) नीट बसणारी बियर १० अंशांना १७-१८ मागते, आणि प्रेशर तर कोणी बदललेलं नसतं.

यावर काउंटरवरचं उत्तर ठरलेलं: ‘ताजी बियर अशीच लागते, साहेब.’ हे मान्य नाही. ताजी, न गाळलेली बियर गढूळ असू शकते, तिला लोण्याचा वास यायचं कारण नाही. नळ्या दर चौदा दिवसांनी दोन टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवायच्या असतात, पंपानं पंधरा मिनिटं फिरवून, मग पाण्याचा पीएच साध्या पाण्याइतका होईपर्यंत खळबळून. तीन महिन्यांतून एकदा ॲसिड, कारण बियरचा दगड, म्हणजे नळीत आतून जमणारा क्षारांचा कडक थर, कॉस्टिकनं निघत नाही. नळ दरवेळी खोलून ब्रशनं. इथं नळाच्या तोंडात टिश्यूचं टोक फिरवलं तर तपकिरी चिकट कडं उमटायचं, आणि मे महिन्यात त्याच तोंडाभोवती चिलटं घोंगावत होती. तिथं बघायला डोळे पुरतात, मीटर लागत नाही.

मेच्या मध्यावर ब्रुअरनं ऐकलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. महिन्याला होणारं धुणं पंधरवड्यावर आलं आणि उघडल्यावर पहिला अर्धा लिटर ओतून देतात. गव्हाच्या आणि स्टाउटच्या नळाचं लोणी गेलं. आयपीएच्या नळाचं अजून पूर्ण गेलेलं नाही; ती नळी बदलावीच लागेल, आतून खरबडलेल्या नळीला कॉस्टिक पुरत नाही.

ग्लासांचंही बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास तेलकट आहे, लगेच परत करा. घरी ओल्या ग्लासात मीठ भुरभुरून पाहता येतं: सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, मध्ये टकलं राहिली तर साबण किंवा तेल उरलंय.

पैशांच्या दृष्टीनं सहा सॅम्पल एकदम घेऊ नका, शेवटचे दोन कोमट होतात. तीन-तीन मागवा, हलक्यापासून गडदकडे, आयपीए शेवटी. ग्लास किती मिलीचा आणि फेस धरून की सोडून, हे आधी विचारा. सोबत नुसते खारे शेंगदाणे बरे. झणझणीत चखण्यापुढे विटबियर पाण्यासारखी लागते.

नळ्या एक आड एक मंगळवारी धुतात. त्यानंतरच्या बुधवारी किंवा गुरुवारी, आठच्या पुढे जा, आणि सुरुवात गव्हाच्या बियरनं करा.