झोंग श्वेजियाओ की चाओशौ?

चीनमधल्या चेंगडू शहराचे हे दोन्ही डंपलिंग लाल तेलात, म्हणजे मिरचीच्या तेलात, बुडतात, आणि सारणही जवळपास एकच: 250 ग्रॅम डुकराचा खिमा, आलं भिजवलेलं 75 मिली पाणी, मीठ. भाजी नाही. पाणी थोडंथोडं घालत खिमा एकाच दिशेने, चिकट होईपर्यंत फेटायचा. एकदम ओतलंत तर ते मुरत नाही, उकडताना सुटतं आणि सारण कोरडं पडतं.

झोंगची पारी गोल, जरा जाड, घडी करंजीसारखी, फक्त मुरड नाही. चाओशौची चौकोनी, गुलाबी सारण दिसेल इतकी पातळ. त्रिकोण करून दोन टोकं जुळवली की हाताची घडी होते. नावाचा अर्थही तोच. ती दोन-तीन मिनिटांत शिजते, झोंगला पाच-सहा लागतात.

झोंगची खरी ओळख मात्र गोडसर सोया: 100 मिली सोया सॉस, 50 ग्रॅम ब्राउन शुगर, चक्रीफूल, दालचिनी, मंद आचेवर दाटसर होईपर्यंत, वर वाटलेला लसूण. चाओशौला साधा सोया, सिचुआन मिरीची (तिरफळाच्या जातीची) पूड, दोन चमचे गरम सूप.

तेलात चुकलात तर दोन्ही गेले. 50 ग्रॅम भरड मिरचीवर 250 मिली तेल तीनदा ओता: 180, 150, मग 120 अंशांना. दोनशेच्या वर मिरची काळी, कडू होते. इथे ब्याडगी उत्तम, तिखटासाठी थोडी लवंगी. रात्रभर मुरू द्या.

पहिल्यांदा करणाऱ्याने तयार पाऱ्या आणून चाओशौच करावं.