यामाहा ए-एस ५०१ : घरात रिसीव्हर असताना वेगळा स्टिरिओ ॲम्प घ्यावा का?

होम थिएटरच्या रिसीव्हरवर (सिनेमाचे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रावर) सिनेमा दणक्यात वाजतो, पण गाणं ऐकायला बसलं की समाधान होत नाही. अशा वेळी हमखास सुचवला जाणारा वेगळा ॲम्प म्हणजे यामाहाचा ए-एस ५०१. दोन चॅनेल, ८ ओहमला प्रत्येकी ८५ वॉट, वजन १० किलोच्या थोडं वर. यंत्र मजबूत आहे, आवाज स्वच्छ आहे. पण घेण्याआधी अडचण खरंच ॲम्पची आहे का, हे तपासायलाच हवं. बहुतेक घरांत ती ॲम्पची नसते.

वॉट बघून घेणार असाल तर आधी हिशेब करा. डेननच्या एक्स १७०० एचसारखा साधा रिसीव्हर दोन चॅनेल चालू असताना ८० वॉट देतो. ८० वरून ८५ वॉट म्हणजे पाव डेसिबलची वाढ, ती कुणालाच ऐकू येत नाही. वॉट दुप्पट केले तरी मिळतात ३ डेसिबल. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (एका वॉटला एक मीटरवर इतका आवाज देणारे) दोन स्पीकर तीन मीटरवरून ऐकले तर प्रत्येकी एका वॉटमध्ये बसल्या जागी साधारण ८० डेसिबल पोचतात, आणि तो बऱ्यापैकी मोठा आवाज असतो. तबल्याच्या थापेला त्यावर १५ डेसिबलची उडी धरली तरी गरज तीसेक वॉटची. स्पीकर ४ ओहमचे, ८३-८४ डेसिबलचे आणि हॉल मोठा असेल, तर मात्र रिसीव्हरची दमछाक होते; तिथे दणकट पॉवर ॲम्पचा खर्च सार्थकी लागतो.

खोलीचं काय? १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बास घुमतो. ते भिंतींमधल्या अंतरामुळे होतं, ॲम्प बदलून जात नाही. त्यात खाली गुळगुळीत टाइल्स आणि वर उघडा स्लॅब. खोलीत टाळी वाजवून बघा. मागोमाग झणझणीत पडसाद आला तर आधी जाड गालिचा, जड पडदे आणि पुस्तकांचं कपाट. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे. एवढ्यानं तानपुरा आणि हार्मोनियम जितके मोकळे होतात, तितके कुठल्याही ॲम्पनं होत नाहीत.

आता जोडणी. खरी मेख इथेच आहे. रिसीव्हरला पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलचे प्री-आउट (वेगळ्या ॲम्पला सिग्नल देणाऱ्या जोडण्या) हवेत. एक्स १७०० एचला फक्त सबवूफरचा प्री-आउट मिळतो. एक्स ३८०० एचला सगळ्या चॅनेलचे आहेत. प्री-आउट नसताना दोन ॲम्पच्या तारा एकाच स्पीकरला एकत्र जोडू नका, दोन्ही ॲम्प जळू शकतात. त्यासाठी एका वेळी एकच ॲम्प जोडणारा सिलेक्टर स्विच लागतो.

ए-एस ५०१ ला ‘मेन इन’ (ॲम्पचा व्हॉल्यूम वगळून जाणारं इनपुट) नाही. म्हणून प्री-आउटच्या तारा लाइन इनपुटला द्यायच्या, व्हॉल्यूम एका ठरावीक जागी, समजा बाराच्या काट्यावर, ठेवायचा, तिथे खूण करायची आणि मग रिसीव्हरचं ऑटो-कॅलिब्रेशन (माइकनं होणारी स्पीकरची आपोआप मोजणी) नव्यानं चालवायचं. डेननमध्ये पुढच्या चॅनेलची लेव्हल उणे १२ डेसिबलला, म्हणजे तळाला, जाऊन टेकली, तर ॲम्पचा व्हॉल्यूम कमी करून पुन्हा मोजा. सिनेमा बघताना प्युअर डायरेक्ट चालू ठेवा, म्हणजे बास, ट्रेबल, बॅलन्स आणि लाउडनेसची बटणं वगळली जातात आणि मोजणी बिघडत नाही. व्हॉल्यूम खुणेवर असतानाच कुणी थेट सीडी लावली तर स्पीकर दणाणतील. ही जोखीम नको असेल तर ‘मेन इन’ असलेला यामाहा ए-एस १२०० किंवा ‘पॉवर ॲम्प इन’ असलेला मरांट्झ पीएम ८००६ बघा. दोन्ही बरेच महाग आहेत.

सोर्स (सीडी प्लेअर, टर्नटेबल) थेट ॲम्पला जोडला की रिसीव्हरचं रूम करेक्शन, म्हणजे खोलीनुसार आवाज सुधारणं, सुटतं, आणि खालचा बास सबवूफरकडे वळवणारा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हरही सुटतो. ॲम्पला सबवूफर आउट आहे, पण मुख्य स्पीकरना पूर्ण बास जातच राहतो. छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर हा तोटा स्पष्ट ऐकू येतो.

टीव्ही ऑप्टिकल केबलनं जोडलात आणि आवाजच आला नाही, तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा स्टिरिओ सिग्नल) करा. हा ॲम्प डॉल्बी डिजिटल वाचत नाही. एचडीएमआय नाही, ब्लूटूथही आत नाही. टर्नटेबलच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) काडतुसासाठी फोनो इनपुट मात्र आहे.

मला सगळ्यात आवडतं ते लाउडनेसचं बटण, आणि तेच लोक चुकीचं वापरतात. ते ‘फ्लॅट’वर ठेवून व्हॉल्यूम तुमच्या सर्वांत मोठ्या आवाजावर न्यायचा, मग लाउडनेस फिरवून आवाज उतरवायचा. मधला पट्टा जास्त दबतो, त्यामुळे रात्री हळू आवाजातही डग्गा हरवत नाही. फक्त तेव्हा प्युअर डायरेक्ट बंद हवं.

जोडल्यावर घूं आवाज आला तर डिशची किंवा केबलची कोॲक्स तार काढून बघा. आवाज थांबला तर त्या तारेवर आयसोलेटर (अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा जोडतुकडा) लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

दुकानात किंवा घरी तुलना करताना दोन्ही ॲम्पचा आवाज समान करा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज मोजा, टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. एकीकडे २.०० व्होल्ट असेल तर दुसरीकडे २.०२ च्या पुढे नको. रिसीव्हर ‘डायरेक्ट’ मोडमध्ये ठेवा, नाहीतर तुलना ॲम्पची न होता रूम करेक्शनची होईल. मग कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून, न बघता ऐका. ओळखता आला नाही तर ते पैसे स्पीकरसाठी ठेवा. टर्नटेबल असेल, रोजचं ऐकणं दोन चॅनेलवरच असेल आणि त्यासाठी रिसीव्हर, टीव्ही चालू करायचा कंटाळा येत असेल, तर ए-एस ५०१ बिनधास्त घ्या.